मराठीसाठी तीन दाबा

“कृपया लाइन पर बने रहें,” फोनमधली बाई पुन्हा म्हणाली आणि सतारीची तीच धून पहिल्यापासून सुरू झाली.

रचना ड्रेसिंग रूमच्या कोपऱ्यात, कापसाच्या डब्यांशेजारी उभी होती. एका कानाला मोबाईल, दुसरा कान वॉर्डाकडे. जेवणाच्या सुट्टीत तिनं फोन लावला होता. डबा तसाच बंद राहिला, सुट्टी संपली, आणि ती होती तिथंच होती.

“सिस्टर!” नंदलाल वॉर्डबॉयनं दारातून डोकं आत घातलं. “त्या खिडकीजवळच्या आजीचं सलाईन सरून राहिलं ना. तिचा नातू बोंबलून राहिला तिकडे.”

“आली, आली.”

“कोनाचा फोन आहे वो एवढा?”

“कोनाचाच नाही,” ती म्हणाली आणि फोन चालू ठेवूनच कापसाच्या डब्यावर पालथा ठेवला.

नुसती बाटली बदलून भागलं नाही. आजीचा हात सुजला होता. सुई काढून दुसऱ्या हाताची शीर शोधावी लागली. ती जवळजवळ पळतच परत आली, तेव्हा डब्यावरून एका पुरुषाचा आवाज येत होता. “हॅलो? क्या आप मुझे सुन पा रहे हैं?” तिनं झडप घालून फोन उचलला. “हो, हो, ऐकू येऊन राहिलं...” आणि लाईन कटली.

रचना बंद पडलेल्या पडद्याकडे पाहत राहिली. दोन दिवसांत पहिल्यांदाच पलीकडे माणूस आला होता आणि तो निसटला. वाईट वाटायला हवं होतं. पण छातीवरचं काहीतरी उतरल्यासारखं तिला वाटलं, आणि ते का, हे तिला कळेना.

रचना उके गोंदियाच्या त्या खासगी दवाखान्यात खूप वर्षांपासून परिचारिका होती. राहायला फुलचूरला, सासूबरोबर. घरात दोघीच. तिचा नवरा रत्नपाल एका राइस मिलमध्ये सुपरवायझर होता. सात वर्षांपूर्वी एका सकाळी जेवणाचा डबा घेऊन तो मिलवर जायला म्हणून निघाला आणि मिलवर पोचलाच नाही. आदल्या दिवशी भांडण नव्हतं, कोणाशी वैर नव्हतं. फोन घरीच चार्जिंगला लावलेला होता. विसरला की ठेवून गेला, हे आजपर्यंत समजलं नव्हतं.

पोलिसांनी स्टेशन पाहिलं, कालवे पाहिले. दोनदा रचनाला शवागारात बोलावणं आलं. दोन्ही वेळा ती ड्युटीवर गेल्यासारखी आत गेली, चादर स्वतःच वर केली, “हा नाही” म्हणाली आणि बाहेर येऊन भिंतीला धरून उभी राहिली. दुसऱ्या वेळी तिच्या मनात आलं होतं की हा असता तर बरं झालं असतं. ते तिनं कोणालाच सांगितलं नाही.

रत्नपालचा फोन मात्र तिनं बंद पडू दिला नाही. रिचार्ज संपलं की भरायचं. सासू, पार्वताबाई, तो फोन रोज पदरानं पुसून बाबासाहेबांच्या फोटोखालच्या फळीवर ठेवायच्या. त्याच्यावर कोणाचे फोन येत नसत. यायच्या त्या जाहिराती. आणि या आठवड्यात आला तो करखात्याचा मेसेज. इंग्रजीतला. रत्नपालच्या पॅन नंबरवर यंदाचं रिटर्न भरलं गेलं आहे, आधार ओटीपीनं त्याची पडताळणी झाली आहे, धन्यवाद.

रचनानं तो मेसेज इतक्या वेळा वाचला की अक्षरं नुसती रेघा दिसायला लागली. मेलेल्या माणसाचं रिटर्न कोण भरेल? आणि जिवंत माणूस इतकी वर्षं घरी एक फोन करणार नाही, पण सरकारला हिशेब देईल?

“कोनाचा मेसेज आहे वो?” पार्वताबाईंनी विचारलं होतं. त्यांना ऐकू कमी यायचं, पण त्या फोनची टिंग त्यांना स्वयंपाकघरातून ऐकू जायची.

रचना खोटं बोलणार होती. पण सासूचा चेहरा पाहून तिच्या तोंडून खरं निघून गेलं. “रत्नपालच्या नावानं कोनीतरी कागद भरला म्हनते, आई. सरकारचा मेसेज आहे.”

“कोनीतरी म्हंजे कोन?”

“तेच तर समजून नाही राहिलं.”

तेव्हापासून रचना करखात्याच्या हेल्पलाइनला फोन लावत होती आणि पार्वताबाई रोज ती घरी आली की एवढंच विचारायच्या, “लागला का फोन?”

आणि नेमका हाच आठवडा होता. केशोरीहून धाकटा दीर अतुल रविवारी येणार होता, वकिलानं तयार केलेले कागद घेऊन. सात वर्षं माणसाचा काही पत्ता नसला की कोर्ट त्याला मृत धरतं, असं वकिलानं त्याला समजावलं होतं. गावच्या घरावर आणि धानाच्या बांधीवर दोघा भावांचं नाव होतं. सगळं अडकून पडलं होतं. अतुल वाईट नव्हता. “वैनी, तुमाले पन सुटका भेटन,” तो फोनवर म्हणाला होता. “किती दिवस असं लटकून राहायचं?” रचनानं हो म्हटलं होतं. तिला तेव्हा ते खरंच पटलं होतं.

कटलेल्या त्या फोननंतर संध्याकाळी ती टीनाकडे गेली. टीना एका कर सल्लागाराच्या ऑफिसात कामाला होती. तिचं पहिलं बाळंतपण रचनाच्या दवाखान्यात झालं होतं आणि तेव्हापासून ती रचनाला रस्त्यात दिसली तरी गाडी थांबवायची. रिटर्नचे दिवस असल्यानं ऑफिसात खुर्ची रिकामी नव्हती. टीनानं तिला पायऱ्यांवर नेऊन मेसेज वाचला.

“दीदी, दोन गोष्टी होऊ शकतात,” टीना म्हणाली. “एक तर भैया हैं कहीं. नाहीतर कोणी त्यांचा पॅन वापरतोय. आजकल ये सब बहुत होता है.”

“तू पाहून सांग ना, तुह्या कॉम्प्युटरवर.”

“दुसऱ्याच्या खात्यात मी कशी जाऊ? नोकरी जाईल माझी. हेल्पलाइनलाच विचारावं लागेल.”

“लागतच नाही ना तो फोन! लागला तर ठेवते होल्डवर, अन् लागता लागता कटून जाते.”

टीना हसली. “दुपारी लावता ना? दुपारी सगळा हिंदुस्थान लावतो. सकाळी लाइन उघडते तेव्हाच लावा, एकदम उघडता उघडता. सोमवारी बिलकुल नाही. आणि हिंदी दाबू नका, हिंदीची रांग सगळ्यात मोठी. पूरी रेकॉर्डिंग ऐकत बसू नका, नंबर माहीत असला की आधीच दाबता येतो. मराठीसाठी तीन दाबा. मराठीवाले कमी असतात. हम लोग भी वही करते हैं.”

“मराठी बोलते का तिथं कोनी?”

“बोलतात ना. तुमच्यापेक्षा चांगली,” टीना म्हणाली आणि मग तिला आपलंच बोलणं लागलं. तिनं रचनाचा हात धरला. “दीदी, भैयाच निघाले तर?”

रचना हात सोडवून पायऱ्या उतरायला लागली.

दुसऱ्या दिवशी तिची दुपारची ड्युटी होती. सकाळी तिनं लांबलचक थांबण्याची सगळी तयारी केली. फोन चार्जरला लावला, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, निवडायला सुपात तांदूळ घेतले. पार्वताबाई आंघोळ करून, धुतलेलं लुगडं नेसून, पाहुणे यायचे असल्यासारख्या समोर येऊन बसल्या.

लाइन उघडायच्या वेळेला तिनं नंबर लावला. रेकॉर्डिंग सुरू होताच तीन दाबलं. सतार वाजायला लागली. रचनानं सूप पुढं ओढलं. पहिला खडा हाताला लागतो न लागतो तोच सतार थांबली.

“नमस्कार! मी आपली काय मदत करू शकते?”

एका तरुण मुलीचा आवाज. स्वच्छ, पुस्तकातल्यासारखी मराठी. इतके दिवस होल्डवर उभं राहून जे मनात जुळवलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना.

“हॅलो? माझा आवाज येतोय का आपल्याला?”

“हो... येऊन राहिला. ते... माह्या नवऱ्याच्या नावानं मेसेज आला. रिटर्न भरलं म्हनून.”

“ठीक आहे. मी आपल्या पतींशी बोलू शकते का?”

“ते नाहीत.”

“बाहेर गेले आहेत का? मग ते आल्यावर...”

“तसे बाहेर नाही. बाहेरच आहेत. म्हंजे आहेत का नाहीत, तेच माहीत नाही.”

“माफ करा, ताई, मला समजलं नाही. ते हयात आहेत ना?”

“तेच तर मी तुमाले विचारून राहिली!”

पार्वताबाईंनी मान पुढं काढली. “का म्हनते?” रचनानं हातानं त्यांना थांबवलं.

“ताई, खात्याची माहिती फक्त खातेदाराला देता येते,” मुलगी जपून म्हणाली. “तसा नियम आहे. आपण फोन त्यांना दिलात तर मी लगेच सांगेन.”

“अवो बाई, त्यालेच तर शोधून राहिली मी,” रचना म्हणाली, आणि मग थांबता आलं नाही. डबा घेऊन निघाला ते, पोलीस ते, शवागार ते, चालू ठेवलेला फोन ते. कशानंतर काय आलं याचा तिला पत्ता राहिला नाही. मधेच तिला वाटलं, फोन कटला असणार. “हॅलो?”

“आहे मी, ताई. ऐकतेय,” मुलगी म्हणाली. आवाज खाली आला होता. “पण खरंच, मला त्यांच्या खात्यातलं काही सांगता येणार नाही. हा कॉल रेकॉर्ड होतो.”

रचनानं डोळे पुसले. दवाखान्यात डॉक्टर जे सांगत नाहीत ते नातेवाईक आडून विचारतात, हे तिनं रोज पाहिलं होतं. ‘माझ्या आईचं सोडा, सिस्टर, पण असा आजार झालेली माणसं वाचतात का?’

“मंग त्यांचं सोडा,” ती म्हणाली. “कोनाचंही सांगा. मेसेजमध्ये लिवलं असते, आधार ओटीपीनं पडताळनी झाली. तो ओटीपी कोनाले जाते?”

“हे मी सांगू शकते. आधारला जो मोबाईल जोडलेला असतो, त्याच्यावर जातो.”

“आधारले तर त्याचा हा घरचा फोनच जोडला होता. आमी दोघं संगंच लाईनमध्ये लागलो होतो. त्या फोनवर ओटीपी नाही आला.”

“मग आधारला नंतर दुसरा नंबर जोडला असेल. आमच्याकडे जुनाच नंबर राहिला की मेसेज तिकडेच जातो.”

“दुसऱ्या कोनाले जोडता येते तो?”

“नाही, ताई. त्यासाठी केंद्रावर स्वतः जावं लागतं. बोटाचा ठसा द्यावा लागतो.”

“बोट लावा लागते,” रचना म्हणाली.

“हो.”

“त्याचंच बोट.”

“हो, ताई. ज्याचं आधार, त्याचंच.”

रचनाच्या पुढ्यात तांदूळ पसरला होता. रत्नपालच्या बोटांच्या टोकांना कायम कोंड्याचा बारीक भुसा चिकटलेला असायचा, आणि आधारच्या त्या यंत्रावर त्याचा ठसा उमटत नव्हता म्हणून तिनंच त्याचा अंगठा आपल्या पदरानं पुसून दिला होता. आता कुठल्या तरी गावात, कुठल्या तरी टेबलापाशी, त्यानं तो स्वतः पुसला असेल. किंवा आणखी कोणी पुसून दिला असेल.

“ताई? पॅनचा गैरवापर झाला असं आपल्याला वाटत असेल तर तक्रार करता येते. मग चौकशी होते. कोण आहे, कुठं आहे, सगळी. मी पद्धत सांगू का?”

म्हणजे शोधता आला असता. एका शब्दाचं काम होतं. रचनानं समोर पाहिलं. पार्वताबाईंचे डोळे तिच्या ओठांवर होते.

“नाही,” ती म्हणाली. “मानूस आपलं रिटर्न आपन भरते, त्याच्यात गैरवापर कायचा.”

मुलगी जरा घुटमळली. “आणखी काही मदत करू शकते का?”

“नाही, बाई. चांगलं बोलली तू.”

“धन्यवाद. कृपया आपला अभिप्राय देण्यासाठी लाइनवर राहा.” मग यंत्राचा आवाज आला. आपल्या शंकेचं समाधान झालं असल्यास एक दाबा, नसल्यास दोन दाबा. रचनाचं बोट दोन्ही आकड्यांवरून फिरत राहिलं. समाधान झालं होतं का? यंत्रानं पुन्हा विचारलं. ती मुलगी चांगली होती, तिचं नुकसान नको, म्हणून तिनं एक दाबलं.

“का म्हनते?” पार्वताबाई म्हणाल्या. “सांग ना वो.”

चुकीचा मेसेज होता, एवढं म्हटलं असतं तर भागलं असतं. रविवारी अतुल येईल, सही होईल, म्हातारी रडेल आणि शांत होईल. रचनानं ते वाक्य तोंडापर्यंत आणलं.

“जिता आहे, आई,” ती मोठ्यानं म्हणाली.

“कोनी पाहिलन?”

“कोनी नाही. पन त्यानं बोट लावलन कुठंतरी. नवीन नंबर घेतलन. कमवून राहिला, रिटर्न भरून राहिला. चांगला आहे.”

पार्वताबाईंच्या चेहऱ्यावर आधी आनंदच आला. सुरकुत्या उजळल्या, हात छातीशी गेला. मग तो आनंद चेहऱ्यावर तसाच अडकून राहिला, जणू पुढं कुठं जायचं हे त्याला माहीत नव्हतं. त्यांनी फळीवरच्या फोनकडे पाहिलं.

“मंग फोन काऊन नाही केलन? त्याले तर हा नंबर पाठ आहे.”

रचनानं तांदळातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

“तू काही म्हनली होती का त्याले?”

“नाही, आई.”

“मी म्हनली होती का?” हे त्यांनी स्वतःलाच विचारलं, आणि बराच वेळ त्या आठवत बसल्या. शेवटी त्यांनी सूप आपल्याकडे ओढलं. निवडलेले तांदूळ आणि न निवडलेले तांदूळ त्यांच्या हातांनी एक करून टाकले. “मेला असता तर रडली असती मी,” त्या म्हणाल्या. “आता का करू?”

रविवारपर्यंतचे दोन दिवस तसेच गेले. दवाखान्यात रचना एकाच पेशंटचं टेंपरेचर दोनदा घेऊन आली. तिला राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता. मधेच कधीतरी, इंजेक्शन भरताना, त्याची तब्येत कशी असेल असं मनात यायचं आणि मग त्या विचाराचा राग यायचा.

रविवारी अतुल आला. शेतात धानाचा रोवणा चालू होता, पायाच्या नखांत चिखल तसाच होता. चहा पिऊन त्यानं पिशवीतून कागद काढले.

“इथं अन् इथं, वैनी. बाकी वकील पाहते.”

“अतुल गा, मी सही नाही करत,” रचना म्हणाली. “तो जिता आहे.”

तिनं सगळं सांगितलं. अतुलनं ऐकून घेतलं, डोकं खाजवलं, आईकडे पाहिलं, परत रचनाकडे पाहिलं. “असन,” तो शेवटी म्हणाला. “पन वैनी, आपल्यासाठी तर मेलाच ना? कागदावर मेला म्हनलं तर का फरक पडते? तुमाले विधवेचं सर्टिफिकेट भेटन. लोकं पन दोन शब्द चांगलं बोलतीन. सोडून गेला म्हनलं तर का म्हनतीन, माहीत आहे ना? बाईतच खोट असन म्हनतीन.”

“माहीत आहे.”

“मंग कायले?”

गेल्या दोन दिवसांत तिनं स्वतःलाच हे किती वेळा विचारलं होतं. “मी दोनदा चादर उचलून पाहिली, अतुल,” ती म्हणाली. “दोन्ही बार खरं सांगतलं. आता न पाहता खोटं कशी सांगू?”

अतुल उठून अंगणात गेला, परत आला. चिडला होता, पण आवाज चढवला नाही. “मंग का लिवायचं कागदात? तुमीच सांगा.”

“सोडून गेला, असं लिव. मले घटस्फोट पाहिजे. तुमच्या बांधीचं काय ते वकिलाले नव्यानं विचारू. माह्या हिश्श्याचं भांडन नाही तुह्याशी.”

“अन् साक्षीले कोन उभं राहीन? सासरचं कोनी उभं राहते का असल्या कामात?”

“मी येन,” पार्वताबाई म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. त्यांना ऐकू गेलं असेल असं कोणालाच वाटलं नव्हतं.

“मी येन कोर्टात,” त्या पुन्हा म्हणाल्या. “सांगन साहेबाले. माहा पोरगा सोडून गेला. हिनं काही केलन नाही.” आणि अतुलला, “जेवून जा. कागद ठेव पिशवीत, पानी लागन.”

अतुल जेवला आणि उजेड असतानाच निघाला. केशोरी लांब होती. रचना त्याला फाटकापर्यंत सोडून आली. शेजारची बाई कुंपणावरून बघत होती. रचना तिच्याकडे पाहून हसली आणि घरात आली.

पार्वताबाई मधल्या खोलीत पाय पसरून बसल्या होत्या. शेजारी तेलाची बाटली आणि फणी.

“बस इथं,” त्या म्हणाल्या.

“कायले?”

“बस म्हनली ना.”

रचना त्यांच्यापुढं पाठ करून बसली. लग्न होऊन या घरात आल्यापासून सासूनं कधी तिच्या डोक्याला हात लावला नव्हता. अंबाडा सुटला. तेल थंडगार होतं, आणि म्हातारीची बोटं अजून कडक होती. ती केसांच्या मुळांतून फिरत फिरत मानेपर्यंत आली आणि तिथं थांबली.

“पांढरे झाले ना वो तुये केस.”

“झाले.”

“मले दिसलेच नाही.”

बोटं परत फिरायला लागली. बाहेर कोणीतरी गाय हाकत नेत होतं.

“उद्याची ड्युटी कधीची?”

“सकाळची.”

“मंग डबा मी करून देन,” पार्वताबाई म्हणाल्या आणि त्यांनी केसांचे तीन पेड पाडून घट्ट वेणी घालायला घेतली.